अकरा मिनिटांची आंघोळ

तिला सगळे झटपट म्हणायचे, आणि ते कौतुकानेच. घरोघरी सेविका पाठवणाऱ्या एका कंपनीत तिची चौदा वर्षं गेली होती. एका घराला वीस मिनिटं, मग खिशातला फोन वाजायचा की पुढचं घर. झटपटचा फोन वाजण्याआधीच ती जिन्यात असायची.

आता तिला वृद्धाश्रम चालवणाऱ्या एका संस्थेत नोकरी हवी होती, अगदी मनापासून. तिथे पगार कमी. नवऱ्याने विचारलं, "चांगलं चाललंय ते सोडून हे काय डोहाळे?" तिने सुट्ट्यांचं कारण पुढे केलं. खरं कारण सांगायची लाज वाटत होती. दोन वर्षं रोज जिला आंघोळ घातली, त्या आजींच्या मुलीने परगावाहून फोन करून विचारलं होतं, "आई हसते का हो हल्ली?" झटपटला आजींच्या पाठीवरचा तीळन् तीळ ठाऊक होता, पण याचं उत्तर काही देता येईना.

संस्थेच्या मोठ्या सिस्टरांनी तिचे कागद चाळले आणि विचारलं, "एका आंघोळीला किती वेळ लागतो तुम्हाला?"

"अकरा मिनिटं," झटपट ताठ बसून म्हणाली. "पाठ घासून, पावडर लावून."

सिस्टरांनी कागदांवरून नजर वर केली. म्हणजे जास्तच झाली वाटतं, असं समजून तिने घाईने जोडलं, "नऊमध्येही बसवते."

सिस्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "असं करा, चार नंबरमध्ये मास्तरीणबाई आहेत. त्यांना आंघोळ घाला. मग बोलू."

झटपटने बाह्या सारल्या, बादली भरली आणि तांब्या उचलला, तोच मास्तरीणबाईंनी मनगट धरलं. "आधी मला पाणी बघू दे."

त्यांनी पाण्यात बोट घातलं. कडक आहे म्हणाल्या. गार घातलं तर कोमट झालं म्हणाल्या. मग पाय पुढे केला, पण एकच. दुसऱ्याला अजून थंडी वाजतेय, असं त्यांनी गंभीरपणे सांगितलं. झटपटला आधी घाम फुटला आणि मग, इलाजच नाही म्हटल्यावर, हसू. ती चौरंगाशेजारी फतकल मारून बसली. बाईंनी तिला पाढे विचारले. एकोणतीसचा तिला येईना, तेव्हा तो पाठ होईपर्यंत साबण लावू दिला नाही. पाणी दोनदा तापवावं लागलं.

बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा पडला होता. "पंचावन्न मिनिटं लागली, सिस्टर. हातचं गेलं म्हणायचं. माफ करा."

"काय म्हणाल्या बाई?"

"उजव्या कानात पाणी गेलेलं खपत नाही. डाव्या पायाला थंडी जास्त वाजते, म्हणे. आणि हसताना तोंडावर हात धरतात, दात नाहीत म्हणून."

सिस्टर वहीत शब्दन् शब्द उतरवून घेत होत्या. "मास्तरीण कुठल्या शाळेवर होत्या?"

"ते विचारायचं राहिलं."

"मग उद्या विचारा. सकाळी आठला या."

नोकरी लागली हे कळायला झटपटला बराच वेळ लागला.