फवारणीनंतरची अंडी

"ट्रे घेऊन जा, उषाबाई. सून पोटुशी आहे ना तुमची?" चेतनभाई म्हणाले, आणि उषाबाई नेहमीसारखी ओशाळून हसली.

कडोदऱ्याजवळच्या चेतनभाईंच्या पोल्ट्रीत ती अंडी गोळा करायची. कोंबड्यांना उवा-पिसवा झाल्या की शेडमध्ये फवारणी व्हायची, आणि मग काही दिवस चेतनभाई दिलदार व्हायचे. अंडी बाजारात न जाता कामाच्या बायकांच्या घरी जायची. देवमाणूस आहे, असं उषाबाई डिंडोलीच्या गल्लीत सांगत फिरायची. सून हर्षदाला अंड्याच्या वासानं मळमळायचं. तरी उषाबाई समोर बसून तिला उकडलेलं अंडं संपवायला लावायची.

त्या दिवशी कोंबड्यांच्या डॉक्टर अपर्णाताई आल्या होत्या. ट्रे बघून थांबल्या.

"ही कुठे चालली?"

"घरी. सुनेला उकडून देते."

"उकडून काय होणार, बाई? फवारलेलं औषध कोंबडीच्या अंगात जातं. थोडं ती पचवते, विष्ठेतून टाकते. बाकीचं चरबीत मुरतं आणि बलकातून बाहेर येतं. ही अंडी पुरून टाका, असं मी चेतनभाईंना मागेच बजावलं होतं."

म्हणजे त्याला ठाऊक होतं. आता अहोजाहो कशाला करायचं? गिऱ्हाइकाला जे चालत नव्हतं ते उषाबाईच्या होणाऱ्या नातवाला चालत होतं, आणि वर उपकार केल्याचा आव.

चहाच्या शेगडीवर तिनं त्याच ट्रेमधलं एक अंडं उकडलं, सोललं, मीठ टाकलं आणि बशी चेतनभाईच्या टेबलावर ठेवली. अपर्णाताई तिच्या मागोमाग आत आल्या.

"खा."

"मी आत्ताच जेवलो."

"मन्ही सूनना बी घसाखाल उतरे नही, भाऊ. तरी मी तिले खावाडं."

तो अपर्णाताईंकडे बघायचं टाळत म्हणाला, "फुकटच दिली ना? विकली तर नाहीत."

मग त्यानं बशी एका बोटानं बाजूला सरकवली आणि ते बोट रुमालाला पुसलं. उषाबाईला त्या पुसण्याचा जेवढा राग आला, तेवढा आयुष्यात कशाचा आला नव्हता. ट्रे तिथेच टाकून ती निघाली.

घरी हर्षदानं आपणहून गॅसवर पातेलं चढवलं होतं. हल्ली तिला अंड्याचा वास सोसू लागला होता.

"आई, अंडी आणली ना? पाणी उकळलंय."

उषाबाईनं गॅस बंद केला.

"आठे बस," शेजारच्या जागेवर हात ठेवत ती म्हणाली, आणि सुनेच्या पोटाकडे न बघता सांगू लागली.