तेरवीचा फोन

हेमसिंगने दुकानदाराला खोक्याचं सील फोडू दिलं नाही, तिथेच सगळं चुकलं. दुकानदार बिचारा सांगत होता, काका, एकदा चालू करून पाहू, मग घेऊन जा. पण हेमसिंग हटून बसला. फोन राजपालच्या तेरवीत द्यायचा होता, आणि तेरवीत द्यायची वस्तू कोरी लागते. कोणाचा हात लागलेली चालत नाही.

राजपाल त्याचा एकुलता एक मुलगा. बावीस वर्षांचा होता, विहिरीवरच्या मोटारीचा शॉक लागून गेला. त्यांच्या घराण्यात रीत अशी, की तेराव्या दिवशी गेलेल्याच्या जोडीचा, त्याच्याच वयाचा एक जण पाटावर बसवायचा, त्याला कोरे कपडे घालायचे आणि गेलेल्याचा ज्यात जीव होता ते त्याच्या हातात ठेवायचं. ते तिकडे पोचतं, असं सगळे धरून चालतात. कसं पोचतं हे विचारायच्या भानगडीत कोणी पडत नाही. राजपालचा जीव फोनमध्ये होता. स्वतःचा फोन त्याने मावसभावाकडून घेतलेला, काच तडकलेली, चार्जिंगला लावूनच बोलावं लागे असा. म्हणून त्याची आई रुपाबाई म्हणाली, "एक तरी वस्तू त्याले कोरी जाऊ द्या." त्या सगळ्या दिवसांत ती धड बोलली ती एवढंच.

बिलावर नाव कोणाचं टाकू, असं दुकानदाराने विचारल्यावर हेमसिंगने राजपालचंच सांगितलं. वस्तू त्याची, तर नाव दुसऱ्याचं कसं टाकणार?

पाटावर बसला सेवादास, राजपालचा दोस्त. त्याने खोकं घरी नेऊन देवळीत ठेवलं. आठ दिवस ते उघडायची त्याची छाती झाली नाही. नवव्या दिवशी उघडलं तर फोन ढिम्म. दिवसभर चार्जरला लावून पाहिला, पडद्यावर काही उमटेना. तेव्हा तो खाली मान घालून हेमसिंगच्या दारात आला. "काका, तुमाले सांगू का नको, असं झालतं मले." रुपाबाईने ऐकलं आणि ती आत निघून गेली. राजपालच्या हातात तिकडेही बंद फोनच पोचला, हे तिला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

दुकानदाराने हात वर केले. सात दिवसांत आणला असता तर दुकानातूनच बदलून दिला असता, आता वॉरंटीतून जा म्हणाला. वाशिमच्या सर्व्हिस सेंटरने फोन ठेवून घेतला आणि दहा दिवसांनी यायला सांगितलं. हेमसिंगला या कशाचं वाईट वाटलं नाही की राग आला नाही. पोरगा गेल्यापासून तो असाच होता. बाया गळा काढून रडत होत्या तेव्हा हा मंडपाच्या सतरंज्या गोळा करत होता. ताट आलं की जेवायचं, गाडी आली की बसायचं. आपल्या आत काही शिल्लक आहे का, हे चाचपून पाहायचीही त्याला इच्छा नव्हती.

दहा दिवसांनी तो गावाजवळच्या जऊळका स्टेशनावरून पॅसेंजरने वाशिमला गेला. सेंटरच्या काउंटरवर अफ्रीन नावाची मुलगी बसली होती, नाव गळ्यातल्या कार्डावर होतं. तिने एक साधं पांढरं खोकं पुढे सरकवलं. त्याला ना वरचा प्लास्टिकचा कागद, ना सील.

"बिल राजपाल राठोड यायच्या नावाचं हाये," ती म्हणाली. "त्यायची सही लागते काका. त्यायलेच घेऊन या."

"तो नाई येत."

"मंग उद्या पाठवा."

"उद्याबी नाई येत." हेमसिंगने खोकं उलटंपालटं केलं. "हा कोरा हाये का?"

"बदलून भेटते तो फोन नवा असते, नाई तं नव्यासारखा. कंपनीचा नियम हाये."

"नव्यासारखा म्हंजे काय?"

"म्हंजे चांगला चालते. वॉरंटीबी राह्यते. काही फरक नाई पडत."

"चालते का नाई, ते मी पुसूनच नाई राह्यलो. याले आंधी कोनाचा हात लागला का, ते सांग."

अफ्रीनने मागच्या रांगेकडे पाहिलं. "काका, वापराचाच हाये ना फोन? मंग काहून एवढं पुसून राह्यले?"

"तेरवीत देल्ला होता," हेमसिंग म्हणाला. "माह्या पोराच्या तेरवीत. राजपालच्या."

महिना उलटून गेला होता, पण हे त्याने स्वतःच्या तोंडाने पहिल्यांदाच सांगितलं. आतापर्यंत लोक बोलायचे आणि तो मान हलवायचा. आताही ते दुसऱ्याच कोणाच्या घरचं असल्यासारखं त्याच्या कानावर पडलं.

अफ्रीनने बिल स्वतःकडे ओढलं. मग हळू आवाजात म्हणाली, "खरं सांगू का? नवा नाई हा. कोनाचा तरी बिघडून आलता, कंपनीनं दुरुस्त करून पाठोला. नवाच पाह्यजे म्हनून वर लिहिता येते, पन त्याले लय दिवस लागतीन, अन देतीनच असं नाई." तिने सहीच्या जागेपुढे 'वडील' असं लिहिलं आणि पेन त्याच्याकडे केला. हेमसिंगने सही केली.

परत येताना गाडीत त्याने घरी काय सांगायचं ते ठरवलं आणि स्टेशन येईपर्यंत मनात घोकलं. खोटं बोलायचा त्याला सराव नव्हता.

रुपाबाई ओसरीत तूर पाखडत होती. तिने सूप बाजूला ठेवलं. "कोरा हाये का?"

"हाये. कंपनीनं कोराच देल्ला."

तिने पदराला हात पुसले आणि खोकं मांडीवर घेतलं. झाकण अलगद निघालं. फोनच्या कडेला बारीक ओरखडा होता, त्यावरून तिने अंगठा फिरवला आणि झाकण पुन्हा लावलं. आता ही आपल्याला बोलणार, म्हणून हेमसिंग उभाच राहिला.

"मीबी त्याले असंच सांगो," ती म्हणाली. "बहिनीच्या पोराचे सदरे आनो, धुवो, इस्तरी मारो, अन म्हनो, कोरा हाये बाबू, दिवाळीचा. त्याले समजे. कॉलर पाह्यली का समजेच. पन बोलला नाई कधी. गुमान अंगात घाले अन माह्या पाया पडे."

दिवाळीच्या सुमाराला हेमसिंग दर वर्षी ऊसतोडीला बाहेर असायचा. त्याला यातलं काहीच माहीत नव्हतं.

रुपाबाईने खोकं त्याच्या हातात दिलं. "जा, सेवादासले देऊन या. राजपाल काही बोलनार नाई."

हेमसिंगला निघायचं होतं, पण तो खोकं घेऊन पायरीवरच बसला. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्याला आत फार दुखलं.