लाल टोपीवाल्याचा तळहात

रोममधील आमच्या कलापीठात एक भव्य तैलचित्र आहे: कार्निव्हलमधील स्वाराविना धावणाऱ्या घोड्यांच्या शर्यतीचा आरंभ. घोड्यांपुढे ताणलेला आरंभाचा दोर अद्याप पडलेला नाही. घोडे मागच्या पायांवर उभे ठाकले आहेत आणि मोतद्दार त्यांना अक्षरशः लटकले आहेत. मध्यभागी लाल टोपीचा एक मोतद्दार आहे. त्याचा एक हात आयाळीत, दुसरा घोड्याच्या पाठीवर.

वीस वर्षे मी या पुरुषावर व्याख्याने दिली. घोडा म्हणजे वासना, तो म्हणजे विवेक आणि त्याच्या मुखावर विजयाचा गर्व, हा माझा सिद्धान्त. स्वतः मी घोड्याच्या निकट गेलो तो केवळ भाड्याच्या बग्गीत बसून, हेही नम्रपणे नमूद करतो.

यंदा या चित्रावर कलापीठाचा ग्रंथ निघणार होता. माझा चाळीस पानांचा निबंध सिद्ध होता. केवळ अध्यक्षांची संमती उरली होती. सभेत वजन पडावे म्हणून मीच नाझारेनो या वृद्ध मोतद्दाराला पाचारण केले. ही शर्यत कायमची बंद होईपर्यंत त्याने दरवर्षी तिच्यात घोडे धरले होते. त्याने मान डोलवावी, एवढीच माझी अपेक्षा.

सभेच्या दिवशी तो थेट चित्रापुढे जाऊन उभा राहिला.

"प्रोफेसर, हा कुणाला जिंकत-बिंकत नाहीये. पाठीवर हे खिळ्यांचे काटेरी गोळे बांधलेत, बघा. घोडा पळाला की ते टोचतात, मग तो आणखी पळतो. पण दोर पडायच्या आधीच टोचले, तर जनावर दोरावर जाऊन पाय मोडून घेतं. म्हणून यानं गोळ्यांच्या नि पाठीच्या मधे हात घातलाय."

त्याच्या मुखावरील गर्वाचे काय, असे मी क्षीण स्वरात विचारले.

"तुमच्या हातात खिळे घुसू देत, तुमचंही तोंड असंच गर्विष्ठ दिसेल."

त्याने तळहात उघडला. त्यावर पांढऱ्या वणांची नक्षी होती.

निबंध आहे तसाच छापावा काय, असे अध्यक्षांनी विचारले. या वृद्धाला अडाणी ठरवण्याइतके वक्तृत्व माझ्यापाशी निश्चित होते, आणि क्षणभर जीभ वळवळलीही. पण तो तळहात अजून उघडाच होता.

"नको," मी म्हणालो. "त्यात घोडा नाही, मोतद्दारही नाही. चाळीस पाने केवळ मीच आहे."

ग्रंथाचे काम दुसऱ्याकडे गेले. जिना उतरताना नाझारेनोने माझा दंड धरला, तोही घोड्याला धरावे तसा.

"चाळीस पानं, प्रोफेसर? आमची शर्यत तर तीन मिनिटांत आटपायची."