गाडीची आडवी वाटणी

वडील गेले ते दोन मजल्यांचं घर आणि एक गाडी मागे ठेवून. घर लगेच वाटून झालं. खालचा मजला थोरल्याचा, वरचा धाकट्याचा, आणि आई दोघांची, म्हणजे तशी कुणाचीच नाही. गाडीवरून मात्र महिनाभर धुसफूस चालली. विकायला दोघेही तयार नव्हते, कारण विकली असती तर दुसऱ्यालाही पैसे मिळाले असते. शेवटी ती उभी वाटली. नाकापासून शेपटापर्यंत मधोमध एक रेघ आहे असं समजायचं. स्टिअरिंगची बाजू थोरल्याची, पलीकडची धाकट्याची. आपापल्या बाजूचा टायर, आरसा, दिवा, दाराची कडी ज्याची त्यानं बघायची. चालवायची पाळीपाळीनं. इंजिन सामाईक, म्हणून त्याच्याकडे कुणीच बघायचं नाही.

लोकांना हे खोटं वाटायचं. मग ते येऊन बघायचे, आणि बघितल्यावर हसू आवरून निघून जायचे. थोरला दर सुट्टीला आपली बाजू धुवायचा. बॉनेटवर फडकं बरोबर अर्ध्यात थांबायचं. गाडी समोरून आली की वाटे, अर्धी लग्नाला निघालीय आणि अर्धी मयताला.

ही वाटणी आणखी वर्षभर चालली असती. आड आला धाकटीचा केक.

धाकटी, म्हणजे धाकट्याची बायको, वरच्या मजल्यावरच्या एवढ्याशा स्वयंपाकघरात केक करून विकायची. एका हॉटेलच्या मॅनेजरनं नमुना मागवला. तिनं दोन थरांचा केक केला, गाडीच्या मागच्या भागात फळीवर ठेवला आणि नवऱ्याला गोगलगाईसारखी गाडी चालवायला लावली. तरी हॉटेलच्या दारात झाकण उघडलं तेव्हा वरचा थर खालच्याच्या गळ्यात पडून रडत होता. मॅनेजर म्हणाला, चव चांगली आहे, पण आमचे पाहुणे आधी डोळ्यांनी खातात. शनिवारी एक मोठी पार्टी आहे, तीन थरांचा आणा. उभा आला तर वर्षाचं काम तुमचं. आडवा आला तर पुन्हा फोन करू नका.

वर्षाचं काम म्हणजे काय, हे तिला एकटीला माहीत होतं. बाजाराच्या मागे एक गाळा रिकामा होता आणि त्याच्यावर दोन खोल्या. म्हणजे या घरातून बाहेर. जाऊबाईंच्या डोक्यावर चालणं बंद, आणि 'जरा पाय आपटू नकोस गं' हे ऐकणंही बंद.

दोष गाडीच्या मागच्या शॉकअपचा होता, म्हणजे चाकाला बसलेला धक्का जे आपल्या अंगावर घेतात त्या नळकांड्यांचा. मागची डिकी दाबून सोडली की गाडी एकदा वर येऊन थांबायला हवी. ही मान डोलवत राहायची, जणू सगळ्यांचं सगळं पटतंय.

धाकटी खाली गेली. "भाऊजी, मागचे दोन्ही शॉकअप गेलेत."

थोरला पेपर वाचत होता. पेपर खाली आला नाही. "माझ्या बाजूचा ठणठणीत आहे."

"तेल गळतंय त्यातून."

"गळू दे. माझं तेल आहे."

आतून थोरली आली, हात पुसत. "तो परवाचा केक गाडीमुळे पडला का? मला वाटलं, कच्चाच होता."

"कच्चा असता तर तुम्हाला दिलेला तुकडा परत आला असता, ताई. ताटली चाटून आली होती."

"टाकून द्यायचं जिवावर आलं."

"भाऊजी, दोन्ही बदलू या. बाहेरच्या कंपनीची चांगली जोडी मिळते, परवडण्यासारखी."

आता पेपर खाली आला. "माझ्या बाजूला बाहेरचा माल लागणार नाही. बदलला तर गाडीच्या कंपनीचाच."

"मग बदला की."

"बदलीन. बोनस झाला की."

"बोनस कधी?"

"तुला कशाला माझ्या बोनसची चौकशी?"

"शनिवारी केक पोचवायचाय."

"मग पोचव. मी काय चाकाखाली झोपलोय?"

कंपनीच्या जोडीच्या किमतीत धाकटीचा मोठा ओव्हन आला असता. ती तडक गॅरेजमध्ये गेली आणि फक्त आपल्या बाजूचा बदला म्हणाली. गॅरेजवाला कुणाच्या भल्यासाठी काही करणारा माणूस नव्हता. पण स्वतःवर नाव येऊ न देण्यात त्याचा हात कुणी धरला नसता.

"एका बाजूला नवा, एका बाजूला मेलेला? वळणावर गाडी कंबर मोडल्यासारखी जाईल. धडकली की लोक विचारणार, बसवला कुणी? घ्यायचे तर जोडीनं घ्या, नाहीतर निघा, माझी जागा अडते."

"आणि एक कंपनीचा, एक बाहेरचा?"

"बाई, तुमच्या घरातली भांडणं माझ्या जॅकवर चढवू नका."

परत येताना तिनं हिशेब केला. थोरल्याची बाजू फुकट बदलून देते म्हटलं तर तो उपकार समजून आणखी ताठेल. भांडलं तर शनिवार उलटून जाईल. तिला दिराची एकच नस ठाऊक होती, पण ती पक्की होती. जे त्याला दिलं ते त्याला नको असायचं, आणि जे दुसरा घट्ट धरून बसलाय ते मिळेपर्यंत त्याला जेवण गोड लागायचं नाही.

आणि सासूबाई होत्याच. त्यांना सकाळचा चहा खाली मिळायचा आणि संध्याकाळचा वर, आणि प्रत्येक कपाची किंमत त्या दुसऱ्या मजल्याची बातमी देऊन चुकती करायच्या. कुणाचं देणं ठेवायचा त्यांचा स्वभाव नव्हता.

संध्याकाळी त्या वर आल्या. धाकटीनं साखर जरा जास्तच घातली आणि नवऱ्यावर तोफ डागली.

"एक नीट ऐकून ठेवा. दादांनी गाडीची वाटणी आडवी करू म्हटलं तर हो म्हणायचं नाही. पुढचा भाग आपण सोडायचा नाही."

धाकटा गोंधळला. "दादा कुठे म्हणालाय?"

"म्हणाले नाहीत, पण म्हणतील. पुढे काय काय आहे बघा. इंजिन पुढे, स्टिअरिंग पुढे, हॉर्न पुढे. रस्त्यावर लोक गाडीचं तोंड बघतात. ज्याचा पुढचा भाग, त्याची गाडी. मागे काय, डिकी आणि धूर."

"पण इंजिन तर सामाईक..."

"तेच म्हणते. अर्धं इंजिन आपलं आहे, ते कुणाला द्यायचं नाही. आई, तुम्हीच सांगा, चुकतंय का माझं?"

सासूबाई म्हणाल्या, मी कशाला मधे पडू. आणि चहा न फुंकताच संपवून निघाल्या.

सकाळी धाकटा दात घासत असतानाच खालून हाक आली. "खाली ये. गाडीबद्दल बोलायचंय."

थोरल्याचं म्हणणं होतं की गाडी उभी चिरणं मुळातच अशास्त्रीय होतं. मोठा भाऊ पुढे, धाकटा मागे, ही जगरहाटी आहे. तेव्हा पुढचा भाग, इंजिनासकट, त्याचा. धाकट्यानं बायकोकडे बघितलं. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत उभी होती, चेहरा असा की कुणीतरी दागिने काढून नेतंय.

"दादा, हे बरं नाही," धाकटा म्हणाला. त्याला खरंच तसं वाटत होतं. बायकोनं त्याला काहीही सांगितलं नव्हतं, म्हणून तर त्याचं तोंड एवढं खरं दिसत होतं.

"बरं-वाईट मी बघीन. आणि आणखी एक. स्टिअरिंग पुढे आहे. तेव्हा यापुढे गाडी मीच चालवणार."

हे मात्र धाकटीच्या हिशेबात नव्हतं. पदर बोटावरच राहिला. मागचा भाग तिला मिळाला होता, आणि त्याच्याबरोबर शनिवारचा ड्रायव्हरही.

त्या दुपारी ती स्पेअर पार्टच्या दुकानात गेली. काउंटरमागे एक जाडा माणूस पंख्याकडे तोंड करून बसला होता. गाडीचं नाव ऐकून म्हणाला, "मिस्टरांना पाठवा. यातलं त्यांना कळेल."

"त्यांना कळत असतं तर मी कशाला आले असते?"

त्यानं एक चकचकीत काळी जोडी काउंटरवर ठेवली. "घ्या. कंपनीचीच आहे. अर्ध्या भावात. ओळखीत देतोय."

"तुम्ही मला ओळखता?"

"नाही."

"मग कुणाच्या ओळखीत?"

जाड्यानं पहिल्यांदा तिच्याकडे नीट पाहिलं. तिनं एक शॉकअप काउंटरवर उभा धरला आणि दांडी तळव्यानं खाली दाबून सोडली. केक झाला की नाही हे ती असंच बघायची. बोट लावलं की दबायला हवा, आणि सोडलं की सावकाश वर यायला हवा. पहिला सावकाश वर आला. दुसरा निम्म्यावर येऊन बसला, तो उठेचना. मग तिनं टोकाच्या कडीवर नख ओढलं. काळ्या रंगाखाली तांबूस गंज निघाला.

"हा जुना आहे. तेल भरून रंगवलाय."

"बाई, नवीन माल आहे."

"आत कच्चा आणि वर आयसिंग. हा धंदा मला शिकवू नका, मी रोज आयसिंग करते. बाहेरच्या कंपनीची जोडी दाखवा, खोका न फोडलेली."

जाड्यानं कुरकुरत आतून एक खोका आणला. नाव फारसं कुणी ऐकलेलं नव्हतं, पण खोक्यावर गाडीचं मॉडेल आणि साल छापलं होतं आणि चिकटपट्टी जागची हलली नव्हती. तिनं दोन्ही दाबून बघितले. दोन्ही एकाच चालीनं वर आले, चांगल्या जुळ्यांसारखे.

"वर्षाची गॅरंटी आहे," जाडा म्हणाला. "पण बिल घेतलंत तर भाव वेगळा."

"बिलाशिवाय गॅरंटी कुठे दाखवू, देवाला? बिल द्या आणि भाव बिनबिलाचाच लावा. नाहीतर मी इथंच बसते, आणि गिऱ्हाईक आलं की त्याला नख कुठं ओढायचं ते दाखवते."

जाड्यानं बिल केलं. एवढ्या जोरानं लिहिलं की खालच्या तीन कागदांवरही उमटलं.

गॅरेजवाल्यानं दारात येऊन जोडी बसवली. धाकटीनं डिकी दाबली. गाडी एकदा वर आली आणि गप्प झाली. पुढच्या शॉकअपवर बोट ठेवून तो म्हणाला, "हेपण संपलेत. करून टाकू?"

"ते माझे नाहीत."

शनिवारी तीन थरांचा केक मागची सीट पाडून फळीवर ठेवला गेला, आणि त्याच्याशेजारी, उरलेल्या बोळात, धाकटी गुडघे दुमडून बसली. धाकटा ड्यूटीवर होता. स्टिअरिंगवर थोरला आणि त्याच्या बाजूला थोरली. कशाला? तर आमचा पुढचा भाग आहे, आम्ही बसणार.

पहिलं वळण त्यानं नीट घेतलं. केकच्या काळजीनं नव्हे, गाडी नवी-नवी त्याची झाली होती म्हणून.

"किती हळू चालवताय?" थोरली म्हणाली. "आपल्याला काय दिवसभर हीच हमाली आहे?"

"ताई, पुढे स्पीडब्रेकर आहे."

"दिसतोय आम्हाला. पुढे आम्ही बसलोय."

आरशात धाकटीला दिराचे डोळे दिसले. त्यांनी एकदा केकवर नजर टाकली. मग पाय ब्रेकवर गेला नाही, दुसरीकडे गेला.

त्या क्षणी तिच्या मनात गाळा आला नाही, दोन खोल्या आल्या नाहीत. तिनं फक्त फळी दोन्ही हातांनी धरली आणि डोळे मिटले.

पुढची चाकं आदळली. मेलेल्या शॉकअपनी तो धक्का अंगावर न घेता मालकाकडे पाठवून दिला. थोरल्याचं डोकं छताला लागलं आणि चष्मा पायाशी गेला. थोरली काहीतरी बोलत होती, ती बोलता बोलता जीभ चावून बसली. गाडीचं तोंड वर-खाली, वर-खाली होत राहिलं. मग मागची चाकं चढली, उतरली आणि मागचा भाग लगेच गप्प झाला. केकचा वरचा थर नाखुषीनं होकार द्यावा तसा एकदा हलला आणि होता तिथेच उभा राहिला.

उरलेल्या रस्त्यात थोरलीला बोलता येत नव्हतं, आणि थोरला चष्म्याशिवाय चालवत होता, म्हणून अखेर हळू चालवत होता.

मॅनेजरनं केकभोवती एक फेरी मारली आणि सोमवारपासून या म्हणाला.

परतीच्या वाटेवर थोरला कपाळ चोळत होता. "पुढचे शॉकअप बदलायला हवेत. तू जिथून आणलेस तिथलेच आणू. स्वस्त पडतात."

"पडतात."

"मग अर्धे-अर्धे करू. शेवटी गाडी एकच आहे."

"पुढचं तुमचं, भाऊजी. इंजिनासकट."

"हा शुद्ध लबाडपणा आहे!"

"हो."

रुमाल तोंडाला धरून थोरली काहीतरी पुटपुटली. धाकटीनं मागून रिकामी फळी सरळ केली.

"आम्ही एक तारखेला जागा सोडतोय, ताई. आई चहा आता दोन्ही वेळचा खालीच घेतील. आणि भाऊजी, मागचा भाग विकत हवा असेल तर सांगा. नवे शॉकअप आहेत, बिल आहे. पण भाव कंपनीचा लावीन. बाहेरचा माल तुम्हाला चालत नाही ना."