धाकट्या आसरेची हद्द

बाळांनो, आधी मनात एक परात घ्या. भाकरीचं पीठ मळायची, मोठी, पितळेची. तिच्यात पाणी ओता आणि एका कडेखाली लाकडाची चीप सरकवून ती थोडी कलती करा. आता बघा, एका अंगाला पाणी नखाएवढंच आहे आणि पलीकडच्या अंगाला बोट बुडतंय. उथळ बाजूनं एक मुंगी पाण्यात उतरली, तर तिला आपोआप कळत जातं: पाय ओले झाले, पोट ओलं झालं, आता पुरे, फिरा मागं. मग त्याच उथळ बाजूला ओल्या पिठाचा गोळा थापा. वरून हातानं सपाट करा. मुंगीला वाटेल, ही तर जमीनच. ती बिनधास्त चालत जाईल, गोळा संपेल तिथपर्यंत.

परात तशीच राहू द्या. ती पुन्हा लागेल.

वालूरच्या पलीकडं गव्हाळी नावाचं गाव होतं. गावाचं तळं त्या परातीसारखंच कलतं. तीन बाजूंना खोल, आणि रस्त्याच्या बाजूला लांबलचक उतार. गुरं पाण्याला त्याच उताराने जायची, बाया धुणं घेऊन तिथंच उतरायच्या. उतारावर शेंदूर लावलेले सात दगड एका ओळीत पाण्यात शिरलेले होते. त्या साती आसरा, पाण्यातल्या देवी. पहिली सगळ्यांत मोठी, ती कोरड्यात. मग एकेक लहान होत गेलेली. सातवी सगळ्यांत धाकटी, नारळाहून जराशीच मोठी. पण ती एका जाड चिऱ्यावर बसवलेली होती, म्हणून तिचं डोकं तेवढं पाण्यावर दिसायचं.

गव्हाळीतल्या प्रत्येक लेकराला चालायला लागल्याबरोबर एक गोष्ट सांगितली जायची: सातवीच्या पुढं जायचं नाही. सातवीपाशी मोठ्या माणसाला पाणी कमरेला लागायचं आणि पोरांना छातीला. सातवीच्या डोक्याला हात लावायचा आणि मागं फिरायचं. आणि ज्या दिवशी धाकटीचं डोकंच बुडालं, त्या दिवशी उतारावर कुणी फिरकायचंच नाही. पोहायला न येणारी कितीतरी पोरं त्या पाण्यात खेळून मोठी झाली होती.

अर्पिताची आजी झुंबरबाई या आसरांची पूजा करायची. घर रस्त्याच्या अलीकडं, दोन पत्र्याच्या खोल्यांचं. अर्पिता पाचवीत होती, आणि तिची बहीण राजेश्री, जिला सगळे राजी म्हणायचे, पहिलीत. राजीला वाटायचं, सातवी आसरा तिचीच आहे. "ती बी धाकटी, मी बी धाकटी," असं म्हणून ती दर अमावास्येला धाकटीलाच सगळ्यांत जास्त कुंकू लावायची. आजी ओरडायची, "अगं, बाकीच्या सहा जणी रुसतील की!"

मग एका उन्हाळ्यात गावातून भोंग्याची रिक्षा फिरली. गव्हाळीत नुकतीच नगरपंचायत झाली होती, आणि नगरपंचायतीनं तळं विकायला काढलं होतं.

पाणी नव्हे, पाण्याखालची जमीन. विक्रीच्या मंडपात माणसं जमली तेव्हा नगरपंचायतीच्या साहेबांनी समजावून सांगितलं. ज्याच्या घराची मागची भिंत तळ्याला लागते, त्याच्या दोन्ही भिंतींच्या रेषा सरळ पाण्यात न्यायच्या. मधली जागा त्यानं विकत घ्यायची. भर टाकायची नाही, अशी एक अटही साहेबांनी भरभर वाचली.

म्हातारा चंद्रभान मागून ओरडला, "साहेब, पान्याचा सातबारा काढायलेत, तं माझ्या घरावरच्या ढगाचा बी काढा की! तेवढाच पाऊस माझ्या नावावर पडंल."

मंडप हसला. साहेबही हसले. आणि विक्री झाली.

दुसऱ्या आठवड्यात तळ्यात बांबू रोवले गेले आणि बांबूंना निळ्या दोऱ्या बांधल्या गेल्या. राजी काठावर उभी राहून बराच वेळ बघत होती.

"आज्जे, मासा दोरीखालून तिकडं गेला तं कुणाचा?"

"ज्याच्या ताटात पडंल त्याचा. चाल, शेण उचल."

"अन् बेडूक?"

"बेडूक तुजा. उचल म्हनते ना!"

झुंबरबाईच्या घराची कोणतीच भिंत तळ्याला लागत नव्हती, त्यामुळं तिला विकत घ्यायचा प्रश्नच नव्हता. उताराला लागून घर होतं दिनकररावांचं. सिमेंट-पत्र्याचं त्यांचं दुकान. माणूस बोलायला गोड. त्यांच्या भिंतीची रेषा पाण्यात नेली, तर बराचसा उतार दोरीच्या आत गेला. बैलगाडीएवढी वाट तेवढी बाहेर राहिली. आणि सातीच्या साती आसरा दोरीच्या आत.

जेठात तळं आटलं, उतार उघडा पडला, तेव्हा दिनकरराव स्वतः झुंबरबाईच्या दारात आले. हातात साडी.

"मावशी, आसरांना चिखलात किती दिवस ठिवायचं? मी भर टाकायलोय. भरीच्या शेवटाला, पान्याच्या तोंडाशी, झ्याक वटा बांधून देतो. फरशी लावतो. पन तुमच्या हातानंच हलवा. मी कोन देवाला हात लावनारा?"

झुंबरबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. साडीसाठी नव्हे. उभा जन्म ती गुडघ्याएवढ्या चिखलातून त्या देवींपाशी जात आली होती, आणि आता कुणीतरी त्यांच्यासाठी फरशी लावणार होतं.

मुरमाच्या ट्रॉल्या येऊन पडल्या. उतार झाकला, चिरा गाडला गेला, वरून सपाट झालं. अमावास्येला झुंबरबाईनं हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला, आणि मजुरांनी एकेक आसरा पाटीत घालून भरीच्या पार पुढच्या कडेला नेली. पहिली तिथं पहिली, सातवी तिथं सातवी. ओळ तीच. धाकटी अगदी कोपऱ्यावर. ओटा पावसाळ्यानंतर बांधू, असं ठरलं. तोवर आसरा नुसत्या मुरमावर बसल्या.

नारळाचं खोबरं वाटत अर्पिता दिनकररावांच्या मागं आली, तेव्हा ते फोनवर मेव्हण्याशी बोलत होते.

"अवो, खांब रोवला तर उद्या कुनी बी उपटतंय. आसरांना कोन हात लावतंय? हद्द एकदम पक्की!" आणि ते हसले.

अर्पितानं घरी येऊन आजीला ते जसंच्या तसं सांगितलं. आजी नव्या साडीची घडी घालत होती. "मोठ्या मानसाच्या बोलन्यात कान घालू न्हाई," एवढंच ती म्हणाली.

आता परातीकडं बघा.

पावसाळा चांगला झाला. तळं काठोकाठ भरलं, आणि भरीवरही घोट्याएवढं पाणी पसरलं. खालचा मुरूम दिसेना. दिसत होतं ते पाणी, आणि पाण्यावर वर आलेली सात शेंदरी डोकी. लांबून बघणाऱ्याला काहीच बदललेलं दिसलं नसतं. दिवाळी झाली. वाल्मीक आणि बबिता, म्हणजे पोरींचे आईवडील, ऊसतोडीच्या टोळीबरोबर कारखान्यावर गेले. जाताना बबितानं राजीचे पापे घेतले आणि अर्पिताला सांगितलं, "तायडे, हिच्याकडं ध्यान ठिव."

शाळा सुटल्यावर मोरी म्हशीला पाण्यावर न्यायचं काम दोघींचं. त्या दुपारी मोरी गाडीवाटेनं पाण्यात शिरली आणि पोहत पोहत दिनकररावांच्या बाजूला गेली. खोल पाण्यात नाक वर काढून मजेत उभी आहे, असं वाटत होतं. खरं तर तिचेही पाय टेकत नव्हते.

"मी बलावते तिला," राजी म्हणाली. "माजं ऐकती ती."

"सातवीच्या पुढं जाऊ नको."

"म्हाईत हाय गं! मी काय येडी हाय का?"

राजी फ्रॉक धरून निघाली. पहिलीपाशी गेली, ओळीनं चालत राहिली. मागं वळून हसत ओरडली, "तायडे, सातवीपाशी आले तरी पानी घोट्यालाच! मी उंच झाले बघ!"

अर्पिताला ते ऐकून कसंतरीच झालं. सातवीपाशी पाणी घोट्याला? सातवीपाशी तर छातीला लागायचं. ती हाक मारणार, तेवढ्यात राजीनं रोजच्यासारखा धाकटीच्या डोक्यावर हात टेकला आणि वाकून म्हशीला हाक मारली, "मोरे, ये ये ये!"

भिजलेला मुरूम कडेनं तुटला. धाकटी कलली. राजी होती तिथं लालसर पाणी नुसतं घुसळत राहिलं. ओरडण्याचासुद्धा आवाज आला नाही. ओरडली ती अर्पिता.

गाडीवाटेवर गावातला बजरंग ट्रॅक्टर धूत होता. त्यानं कपड्यांसकट उडी मारली, पुन्हा पुन्हा बुड्या मारल्या. भरीच्या कडेला खाली दोन पुरुष पाणी होतं. त्यानं राजीला बाहेर आणलं तेव्हा तिच्या मुठीत मुरूम होता. ती पुन्हा बोलली नाही.

वाल्मीक आणि बबिता आले. त्या दिवसाचं सगळंच सांगत नाही. बबितानं अर्पिताला जवळ घेतलं, आणि ते जवळ घेणं अर्पिताला माराहून जड गेलं.

गाव मात्र बोलत होतं. अंगणात सतरंजीवर बसलेल्या बाया बोलत होत्या.

"आसरांनी वढून नेली बाई."

"हद्द वलांडली असंल पोरीनं. लेकरू ते, खेळता खेळता गेलं सातवीच्या पुढं."

"सांगितल्यालं ऐकत न्हाईत आजकालची."

"न्हाई गेली ती पुढं!" अर्पिता दारातून म्हणाली. "सातवीला धरून उभी हुती. म्या बघितलं."

 मग एक जण मायेनं म्हणाली, "असू दे, बाळा. तुज्यावर कुनी आळ घेत न्हाई." आणि विषय दुसरीकडं गेला.

अर्पिता तळ्यावर गेली. वाटलं होतं, कललेला दगड सगळ्यांना दाखवता येईल. पण कडेला नवा मुरूम पडला होता. धाकटी सरळ उभी होती, ताज्या शेंदरात.

तिनं आजीला धरलं. "आज्जे, तू तरी सांग. सातवीची जागा ती न्हाई. तू हलवली ना तिला? भर नसती, सातवी जुन्या जागी असती, तर राजीला पानी छातीला लागलं असतं, ती फिरली असती."

झुंबरबाई चुलीसमोर बसली होती. तिचे हात मांडीवर उताणे पडले होते. "माज्या पूजेत काई तरी कमी पडलं," ती म्हणाली. "देवी कोपल्या. नैवेद्य करावा लागंल."

खरं काय ते तिलाही कळलं होतं का? कळलं असेल, बाळांनो. पण काही गोष्टी कळल्या की माणसाला उभं राहता येत नाही, म्हणून ते देवीच्या कोपाला धरून उभं राहतं.

राजीचे दिवस झाल्यावर नैवेद्याचा दिवस ठरला. दिनकररावांनी तांदूळ दिले, दही दिलं, स्वतः हात जोडून उभे राहिले. गल्लीतल्या बाया लेकरांना घेऊन आल्या. आसरांना लेकरांच्या हातानं दिलेला नैवेद्य आवडतो, असं मानतात. प्रत्येकीसाठी एक लेकरू, हातात पत्रावळीवर दहीभात. झुंबरबाई काठावर बसून नावं घेत होती आणि लेकरं एकेक करून घोट्याएवढ्या पाण्यातून जात होती. पहिली झाली. दुसरी झाली. पाणी शांत होतं, ऊन चांगलं होतं.

सातवीसाठी सुगत निघाला. राजीच्याच वर्गातला, तिच्या शेजारी बसणारा.

त्याची आई मागून म्हणाली, "सातवीच्या पुढं जाऊ नको रं!"

"म्हाईत हाय!" सुगत म्हणाला.

अर्पितानं ते ऐकलं. तेच शब्द, तसेच. "त्याला थांबवा!" ती ओरडली. "तिथं खाली काई न्हाई! निस्ता मुरूम हाय!"

"पूजेत वरडू न्हाई," कुणीतरी म्हणालं. वाल्मीकनं तिचा दंड धरायला हात पुढं केला. बाकीचे सातवीकडं बघत होते, आणि सातवी दिसत होती तोवर त्यांना कशाचीच भीती वाटत नव्हती.

अर्पिता पाण्यात पळत गेली. सुगतला मागून धरून तिनं मागं ढकललं. तो भरीवर बसकण मारून पडला, दहीभात पाण्यावर पसरला. मग ती भरीवर पालथी झोपली, छाती मुरमाला टेकून, कारण कडेला उभं राहायचं नाही हे तिला आता माहीत होतं. हात लांब करून तिनं धाकटीला कवटाळलं आणि आपल्याकडं ओढलं.

काठावर एकच गलका झाला.

"ए पोरी! देवाला हात लावू नको!" दिनकरराव ओरडले. त्यांचा गोड आवाज कुठल्या कुठं गेला होता. "माझी हद्द हाय ती! मावशी, सांगा तिला!"

सगळ्यांनी झुंबरबाईकडं बघितलं. ती काठावरून उठली होती.  डोळ्यांतून धारा लागल्या होत्या.  पण 'थांब' ती म्हणाली नाही.

अर्पितानं धाकटीला पोटाशी धरलं. शेंदूर फ्रॉकला लागला, हातांना लागला. जड होती, वाकत, धापा टाकत ती भरीवरून चालत आली. सुगतच्या आईनं पोराला उचलून छातीशी धरलं आणि तिला वाट करून दिली. जिथं मुरूम संपत होता आणि जुनी घट्ट माती लागत होती, पाण्याची पहिली कड पायाला शिवत होती, अगदी तिथं तिनं धाकटीला खाली ठेवलं. मातीत हलवून पक्की बसवली. मग काठावरच्या सगळ्या लेकरांकडं बघून ती म्हणाली, "सातवी आता इथं हाय. हिच्या पुढं जायचं न्हाई."

आणि हात फ्रॉकला पुसून ती सहावीला आणायला वळली.