रिकाम्या रांजणाला ऊन

मित्रांनो, माझ्यात पाणी शोधू नका. येणारा-जाणारा प्रत्येक जण तेच करतो आणि मला त्याचा भारी राग येतो. मी माठ नाही. मी एक जुना कोरियन रांजण आहे. रंग तपकिरी, पोट मोठं, अंगावर कुंभाराच्या बोटाने ओढलेली एक नागमोडी रेघ. सध्या मुक्काम रावेतच्या जुन्या गावात, शालनबाईंच्या अंगणात, तुळशीशेजारी. इथवर कसा आलो ते सांगतो. गोष्ट आनंदाची नाही, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं.

माझ्या कुंभाराने मला असं भाजलं की अंगाला डोळ्यांना न दिसणारी छिद्रं राहिली. त्यांतून मी श्वास घेतो. मला विकत घेतलं एका बाईने. ती दर हिवाळ्यात सोयाबीन शिजवायची, कुटायची, त्याचे गोळे सुकवून आंबवायची आणि मीठ घालून माझ्या पोटात मुरत ठेवायची. मुरलं की काळपट, घट्ट, खारट असं काही तयार व्हायचं. त्यांच्या घरची आमटी त्यावरच व्हायची. नवं भरताना तळाशी थोडं जुनं राखायचं, जसं तुम्ही विरजण राखता. पहिल्यांदा भरताना तिने हे जुनं माहेरून आणलं होतं, त्यामुळे माझ्या तळाशी त्या बाईच्या आईच्या हातचंही थोडं होतं. मला याचा फार तोरा होता, खोटं कशाला बोलू!

त्या बाईची लेक युनही. युनहीच्या नवऱ्याला चाकणच्या एका कंपनीत नेमणूक मिळाली. निघायच्या आधी म्हातारीने मला शेवटचं भरलं. आता यापुढे मला जमायचं नाही, हे पुरवून खा, असं तिने लेकीला बजावलं. मग मला रजईत गुंडाळून जहाजावर चढवलं.

रावेतला एका उंच इमारतीच्या बाल्कनीत मला ठेवलं आणि तिथे माझे हाल सुरू झाले. एप्रिलचं ऊन असं की माझ्या अंगावर मिठाची पांढरी पुटं चढली. पावसाळा आला तो चार महिने हलायलाच तयार नाही. झाकण उघडावं तर पाऊस, लावून ठेवावं तर जीव गुदमरतो. युनहीचंही तेच. दिवसभर दाराची बेल वाजायची. कचरेवाला, दूधवाला, इस्त्रीवाला. ती दर वेळी दचकायची. लिफ्टमधल्या बायका पहिल्याच भेटीत मुलं किती, का नाहीत, असं विचारायच्या. ती कमरेतून वाकून हसायची आणि घरात येऊन माझ्याशेजारी बसायची. नवरा सकाळी जायचा तो अंधार पडल्यावर यायचा.

मग शालनबाई कामाला आल्या. पहिल्याच दिवशी त्यांनी माझ्या गळ्यातली दोरी पाहिली. आमच्याकडे रांजणाला वाईट नजर लागू नये म्हणून गवताच्या दोरीत लाल मिरच्या आणि कोळसा ओवतात. शालनबाईंनी गालाला हात लावला. त्यांच्या दारालाही लिंबू, मिरच्या आणि बिब्बा टांगलेला होता. "घरोघरी मातीच्या चुली," असं म्हणून त्या हसल्या. शब्द कळले नाहीत, तरी युनही हसली. इथे आल्यापासून पहिल्यांदा मी तिचं खरं हसू पाहिलं.

हळूहळू युनही पाणी, मीठ, उद्या, बस्स असे शब्द शिकली. कढीपत्ता घालून आमची आमटी करू लागली. मी कुरकुर केली, पण चव वाईट नव्हती. एकदा सोसायटीचे सेक्रेटरी सोपानराव नाकाला रुमाल लावून आले. शेजाऱ्यांची वासाबद्दल तक्रार होती. युनही वाकून वाकून माफी मागत राहिली. शालनबाईंनी मात्र पदर खोचला. आमी सुकट भाजली तरी ही माणसं असंच नाक मुरडत्यात, असं त्यांनी सोपानरावांना तोंडावर सुनावलं. सोपानराव रुमालासकट परत गेले. त्या दिवशी मला वाटलं, आता आपण इथे रुजलो.

आणि एका सकाळी फोन आला. युनहीची आई गेली होती.

शालनबाईंनी तिला पोटाशी धरलं. नवऱ्याबरोबर मायदेशी निघताना युनहीने त्यांना माझ्यापाशी आणलं. वर सूर्याकडे बोट करून तिने झाकण उघडलं. मग हात खाली आणत, सूर्य मावळल्याची खूण करून, ते पुन्हा लावलं. शालनबाईंनी मान हलवली. मात्र माझ्या पोटात जे आहे ते कुणाच्या हातचं आहे आणि पुन्हा कधीच होणार नाही, हे सांगण्याइतके शब्द युनहीजवळ नव्हते. पाणी, मीठ, उद्या, बस्स. एवढ्यात ते कसं सांगणार?

शालनबाई खुणेप्रमाणे झाकण उघडत होत्या, लावत होत्या. पण बाईंच्या मनाला एक टोचणी लागली. युनहीला आईचं सुतक होतं, लग्न झालेल्या लेकीला असतं तसं, तीन दिवसांचं. आणि या परक्या मुलखात तिचं सुतक पाळायला दुसरं होतं कोण? म्हणून बाईंनीच ते पाळलं. देवाला हात लावला नाही, गोड खाल्लं नाही. तिसरा दिवस सरला तसं त्यांनी युनहीचं घर धुवायला काढलं. पडदे धुतले, फरशी पुसली, सुतकातलं शिळंपाकं सगळं टाकलं. रीतीप्रमाणे मातीचं भांडं फोडून टाकायचं असतं. पण म्याडमचा माझ्यावर जीव, म्हणून त्यांनी मला वाचवलं. फक्त रिकामं केलं. म्याडम येऊन ताजं करतीलच, सोयाबीन काय ढिगानं मिळतं, असं त्या स्वतःशीच बोलत होत्या. मग कढत पाणी, काथ्या आणि भांड्यांचा साबण. आतून, बाहेरून, तळापर्यंत.

मी ओरडू शकलो असतो तर! माझ्या प्रत्येक छिद्रात साबण गेला. करायला गेल्या गणपती आणि झाला मारुती. पण त्यांच्यावर चिडवेना. घासताना त्यांच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं. न पाहिलेल्या त्या म्हातारीसाठी त्या रडत होत्या.

युनही परत आली तेव्हा घर लखलखत होतं. शालनबाई चहा घेऊन कौतुकाची वाट बघत उभ्या होत्या. युनहीने झाकण उचललं. आत बघितलं. मग खाली बसून खांद्यापर्यंत हात माझ्यात घातला आणि तळ चाचपत राहिली. हाताला काहीच लागलं नाही. तो हात तिने नाकाशी नेला.

"शालनबाई," ती शब्द शोधत म्हणाली, "यात आई होती."

शालनबाईंच्या हातातला चहा सांडला. मग नवऱ्याला फोन लावून, त्याच्या मोडक्या हिंदीतून, सगळा उलगडा झाला. युनही रागावली नाही. ती रागावली असती तर बरं झालं असतं. तिने फक्त नवे शब्द शिकणं सोडलं.

पुढे शालनबाईंनी मला रोज पाण्याने भरलं, रोज ओतलं, उन्हात ठेवलं, साबण निघावा म्हणून. युनहीने एकदा नवं भरूनही पाहिलं. मुरल्यावर बोटावर घेऊन चाखलं आणि सगळं ओतून टाकलं. साबण निघाला नव्हता. आणि समजा निघाला असता, तरी ते हात कुठून आणायचे?

नवऱ्याच्या नेमणुकीची मुदत संपली. सामान बांधलं गेलं, पण मला कुणी रजईत गुंडाळलं नाही. मला वाटलं, आता कचऱ्याची गाडी. पण युनहीने मला रिक्षात मांडीवर धरून शालनबाईंच्या अंगणात आणलं. शालनबाई दारातच खाली मान घालून उभ्या राहिल्या. युनहीने त्यांचा हात धरून माझ्या झाकणावर ठेवला. वर सूर्याकडे बोट केलं. झाकण उघडलं. मग हात खाली आणला आणि झाकण लावलं. तीच खूण. दोघी खूप वेळ रडल्या. मीही रडलो असतो, पण मला चांगलं भाजलेलं आहे.

मित्रांनो, एक मागणं आहे. परमुलखातलं माणूस तुमच्या शेजारी आलं, तर त्याच्या घरातल्या वासाला नाक मुरडू नका. आणि त्याचं काही साफ करायला जाल, अगदी मायेनेसुद्धा, तर आधी विचारा, हे कुणाच्या हातचं? शब्द नसतील तर थांबा. शब्द येईपर्यंत थांबा.

युनही गेली. परका मुलूख माझ्या वाट्याला राहिला. आता मला इथलं ऊन सोसतं, पाऊसही सोसतो. शालनबाई सकाळी तुळशीला पाणी घालतात आणि माझं झाकण काढतात. दिवस कलला की लावतात. परवा शेजारच्या कौशल्याबाई हसत म्हणाल्या, आत काय हाय गं येवढं जपायला, रिकामा तर हाय.

शालनबाईंनी पदराने माझा काठ पुसला.

"तिची आई हाय," त्या म्हणाल्या आणि झाकण लावून घरात गेल्या.