कातरण नावाचा फोल्डर

मी एका शिंप्याच्या घरातला संगणक बोलतोय. माझ्यात विशेष असं काही नाही, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे तुमची निराशा व्हायची नाही.

मला आणलं ते मुलीच्या अभ्यासासाठी. अभ्यास तिने वहीत केला आणि माझ्यावर गाणी ऐकली. पुढे तिला परगावी नोकरी लागली. मागे उरले तिचे आईवडील आणि मी. वडिलांना सगळी गल्ली मास्तर म्हणते, म्हणून मीही म्हणतो. धूळ बसू नये म्हणून मास्तरांनी स्वतःच्या जुन्या पॅन्टचं मला कव्हर शिवलं. मागचा खिसा तसाच ठेवला. त्यात मी काय ठेवावं अशी त्यांची अपेक्षा होती, ते मला आजवर कळलेलं नाही.

बाईंना, म्हणजे मास्तरांच्या बायकोला, व्हिडिओ काढायची भारी हौस. फोन भरला की सगळं माझ्यात ओतायच्या आणि फोन रिकामा करून पुन्हा सुरू. अशी नऊ वर्षं. मुलीची पहिल्या पगाराची पिशवीभर खरेदी, भाच्याचं पहिलं पाऊल, गच्चीवर वाळणाऱ्या चादरी, कपाळावरचा चष्मा घरभर शोधणारे मास्तर. उघडून मात्र त्यांनी एकही कधी बघितला नाही. काढून ठेवलंय, एवढ्यावर त्या खूश असत.

एका सकाळी दोघं दवाखान्यातून आली. बाई आत जाऊन पडल्या. मास्तर चपला न काढता माझ्यासमोर येऊन बसले आणि त्यांनी कव्हर ओढून काढलं. बाईंच्या घशात गाठ निघाली होती. जीव वाचेल, पण स्वरयंत्र काढावं लागेल, म्हणजे आवाज जाईल, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. शस्त्रक्रियेला बारा दिवस होते. मास्तरांनी मुलीला फोन करून कळवलं की आईने काढलेले सगळे व्हिडिओ जोडून मी एक फिल्म करतोय, दवाखान्यात तिला बघायला होईल. हात रिकामे ठेवून बसवत नव्हतं, हे काही ते फोनवर बोलले नाहीत.

आता जोडायचं कशाने? इथून माझे हाल सुरू झाले.

पहिलं सॉफ्टवेअर फुकट होतं. त्यात सगळं झकास व्हायचं, फक्त प्रत्येक माणसाच्या तोंडावर कंपनीचं नाव आडवं पसरायचं. मास्तर म्हणाले, "चाळीस वर्षं शर्ट शिवतोय. माझं लेबल कॉलरच्या आत असतं." ते गेलं. दुसरं कोपऱ्यावरच्या फोटो स्टुडिओवाल्याने सुचवलं. तो स्वतः तेच वापरतो म्हणे. ते उघडायला वीस मिनिटं लागली, आणि उघडल्यावर इतकी बटणं दिसली की मास्तरांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. तेवढ्यात मी बंद पडलो. मुद्दाम नाही, माझी मेमरीच तेवढी. तिसरं दर महिन्याला पैसे मागत होतं. कात्री कुणी भाड्याने आणतं का, असं मास्तरांनी मला विचारलं. चौथं सात दिवस गोड बोलून आठव्या दिवशी केलेलं काम अडवून धरणारं होतं. ते बारीक अक्षरात लिहिलं होतं, पण सुईत दोरा ओवणाऱ्या माणसाला बारीक अक्षराचं काय.

पाचवं छोटंसं होतं. पैसे एकदाच, तेही झेपतील असे. कापा, जोडा, आवाज, साठवा, अशी चार बटणं. मास्तरांनी लगेच विश्वास टाकला नाही. चादरींचा एक व्हिडिओ घेतला, कापला, जोडला, साठवला, फोनवर चालतो का बघितलं, आणि मगच ते विकत घेतलं. तोवर चार दिवस गेले होते.

मग ते कामाला लागले. काम एकदम सफाईदार. बाईंच्या प्रत्येक व्हिडिओची सुरुवात आणि शेवट गचाळ असायचा. फरशी, चपला, फ्रिजचं दार, मध्ये आलेला अंगठा, आणि या सगळ्यावर त्यांची अखंड बडबड. मास्तरांनी ते सगळं छाटलं. उरलेल्या भागातही त्या मधेमधे बोलायच्या, म्हणून तिथला आवाज बंद करून सॉफ्टवेअरसोबत आलेलं बासरीचं संगीत चढवलं. तेवढ्यात माझी जागा संपली. तसं मी कळवलं. मास्तरांनी मूळ व्हिडिओ पुसायला घेतले. कापड एकदा बेतून कापलं की ते पुन्हा अख्खं थोडंच मिळतं, असा त्यांचा हिशेब. मी विचारलं, नक्की पुसायचं? त्यांनी 'हो' दाबलं. आम्हाला एकदाच विचारायची मुभा असते.

शस्त्रक्रियेच्या दोन दिवस आधी मुलगी आली. बाई झोपल्या होत्या. मास्तरांनी तिला फिल्म दाखवली. वीस मिनिटं, एक टाका इकडचा तिकडे नाही. फिल्म संपली तशी मुलीने विचारलं.

"बाबा, आई कुठेय यात?"

"तीच काढतेय ना. ती कशी दिसणार?"

"दिसण्याचं नाही म्हणत मी. तिचा आवाज कुठेय?"

मास्तरांचं बोट आवाजाच्या बटणावर गेलं. मग म्हणाले, "तो मी कापला."

मुलीने मूळ व्हिडिओ शोधले. नव्हते. माझी कचराटोपली उघडली, तीही मास्तरांनी रिकामी केली होती. नव्याने काही रेकॉर्ड करावं, तर बाईंचा घसा दोन महिन्यांपासून बसलेला. कुजबुजीपलीकडे काही निघत नव्हतं. मुलगी पाठ फिरवून खिडकीत उभी राहिली. मला फार अपराधी वाटलं. पुसलं शेवटी मीच होतं.

मास्तर खुर्ची पुढे ओढून म्हणाले, "कातरण आहे."

मास्तरांचा एक जुना नेम आहे. शिवून उरलेलं कापड, मग ते बोटभर का असेना, कपड्यासोबत पुडी बांधून गिऱ्हाइकाला परत करायचं. ते आपलं नसतं. त्याच सवयीने त्यांनी छाटलेला प्रत्येक तुकडा वेगळा साठवून 'कातरण' नावाच्या फोल्डरमध्ये ठेवला होता. एकशे बारा तुकडे. माझी जागा संपली होती ती त्यांच्यामुळेच, आणि मी मनात त्यांना नावंही ठेवली होती.

मुलीने पहिला तुकडा लावला. आधी फरशी दिसली, मग अंगठा. आणि बाईंचा धडधाकट आवाज आला. "चालू झालं का हे? लाल दिसतंय काहीतरी. अहो, इकडे बघा. पोट आत घ्या." मास्तर खुर्चीत बसल्या बसल्या पोट आत घेऊन ताठ झाले. मग त्यांनी चष्मा काढला आणि मुलीसमोर रडले.

फिल्म कुणी पुन्हा लावली नाही. शस्त्रक्रिया नीट पार पडली. तीन आठवड्यांनी बाई घरी आल्या, गळ्याला पट्टी आणि हातात लहानशी पाटी. मुलीने त्यांना माझ्यासमोर बसवून सगळे एकशे बारा तुकडे ऐकवले. बाईंनी पाटीवर लिहिलं, 'मी एवढं बोलायचे?'

मास्तर म्हणाले, "हो. मी ऐकत नव्हतो."

आता मी स्वयंपाकघराच्या दाराशी असतो. माझा पंखा घरघरतो, पडद्यावर एक रेघ कायमची आलीय, नवीन काही माझ्यात बसत नाही. मुलगी नवा लॅपटॉप आणणार आहे. खुशाल आणा, माझी तक्रार नाही. एवढंच मागणं आहे की मला हलवण्याआधी ते तुकडे दोन ठिकाणी उतरवून घ्या. मी आहे तोवर माझं काम नेमून दिलेलं आहे. मास्तर बाहेरच्या खोलीत मशीनवर असतात. चहा झाला की बाई येऊन एक तुकडा दाबतात आणि मी मोठ्याने हाक मारतो, "अहो, इकडे बघा." मशीन लगेच थांबतं.